पडद्याची उघडझाप

तर्कशास्त्र शिकविण्यात ज्याची सत्तावीस वर्षे गेली त्याच्या हातून त्या शास्त्रातला अगदी पहिल्या यत्तेचा प्रमाद घडावा, आणि तो वर्षभर आपल्या जागी सुखाने नांदावा, हे कबूल करणे आमच्या वयाच्या मनुष्यास भूषणावह नाही. परंतु हा प्रमाद आम्ही वर्गात साठ विद्यार्थ्यांपुढे बिनचूक अनुमानाचा नमुना म्हणून मांडला होता. जी गोष्ट चारचौघांत एका प्रकारे सांगितली ती दुसऱ्या प्रकारेही चारचौघांतच सांगितली पाहिजे, म्हणून हा लेख.

हकीकत आमच्या अभ्यासिकेतील संगणकाची आहे. गेल्या वर्षी पौष महिन्यात आमच्या धाकट्या भगिनीचा मुलगा पहिल्या नोकरीनिमित्त पुण्यास आला. त्याचे पितृछत्र लहानपणीच हरपलेले; तेव्हा त्याने मामाच्या घरी राहावयाचे, हे कोणी कोणास विचारून ठरविण्याची गोष्टच नव्हती. आमचा डेस्कटॉप जुना, मॉनिटर मात्र चोवीस इंची व नवा. अक्षरे नीट उमटत नाहीत अशी आमची कुरकुर असे. मुलाने पंधरा दिवसांत संगणकाच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड बसविले, तेथून मॉनिटरपर्यंत नवी लांबलचक एचडीएमआय केबल ओढली, आणि अक्षरे छापल्यासारखी दिसू लागली. त्याच सुमारास कंबरेच्या दुखण्यापायी आमची सागवानी खुर्ची माजघरात गेली व तिच्या जागी चाकांची, कळ दाबली असता वरखाली होणारी खुर्ची आली. माघ लागला, आणि पडदा उघडझाप करू लागला.

आम्ही लिहावयास बसतो न बसतो तोच पडदा काळा ठिक्कर पडे, आणि एक-दोन सेकंदांनी जणू काही घडलेच नाही अशा साळसूदपणाने पुन्हा उजळे. आमच्या वडिलांची दृष्टी उतारवयात काचबिंदूने गेली, त्यामुळे आमची पहिली धाव घरात कोणास न सांगता नेत्रवैद्याकडे गेली. डोळ्यांतील दाब ठीक निघाला. तेव्हा दोष यंत्राचा, एवढे निश्चित झाले. आणि येथूनच आमची बुद्धी चालू लागली, किंबहुना चालेनाशी झाली.

पडद्याची उघडझाप हे नाव एक असले तरी रोग अनेक आहेत. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका उमटताच मावळू लागे व त्यास पुनःपुन्हा पेटवावे लागे. सेकंदास ६० वेळा पेटविले तरी कित्येकांच्या डोळ्यांस ती थरथर जाणवे. ७५ किंवा ८५ वेळा पेटविले म्हणजे डोळा शांत होई. हल्लीच्या सपाट पडद्यांचा ठिपका असा मावळत नाही. परंतु त्याच्या मागचा दिवा, आपण उजेड कमी केला असता, पुष्कळ मॉनिटरांत खरोखर मंद होतच नाही. तो अतिवेगाने विझतो व लागतो, आणि डोळा त्याची सरासरी काढतो. अशा पडद्यापुढे पेन्सिल वेगाने हलविली तर धूसर पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात. ही परीक्षा फार गमतीची असून आम्ही ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यास करून दाखविली, व तिचा आमच्या रोगाशी कवडीचाही संबंध नव्हता. विंडोज प्रणालीचे कर्ते मायक्रोसॉफ्ट आणखी एक खूण सांगतात: टास्क मॅनेजर उघडावा, बाकीच्या पडद्याबरोबर तोही थरथरत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, तो तेवढा स्थिर राहिला तर एखाद्या प्रोग्रॅमचा. मॉनिटरच्या अंगच्या बटणांनी जी यादी उघडते ती त्याची स्वतःची असते; चित्र थरथरत असता ती स्थिर राहिली तर मॉनिटर निर्दोष धरावा.

हे सर्व आम्हांस भाच्यानेच शिकविले. त्याने ड्रायव्हर आधीचा घालून पाहिला, केबल दुसऱ्या खोबणीत लावून पाहिली, सेकंदाचे ७५ फेरे उतरवून ६० वर आणले. आणि प्रत्येक वेळी, “मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलू या, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही,” असे तो म्हणे. जॉन स्टुअर्ट मिल साहेबांनी १८४३ साली आपल्या ग्रंथात जी व्यतिरेकाची पद्धती सांगितली ती हीच. आम्ही ती फळ्यावर शेकडो वेळा लिहिली असेल. पण स्वयंपाकघरापर्यंत चाललेल्या त्या केबलींच्या जंजाळात तोच उपदेश एका बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकताना आम्हांस तो उद्धटपणा वाटला, हे खरे सांगितलेले बरे.

त्यातून तो म्हणे, “माझ्यासमोर हे होतच नाही.” दोषी मनुष्य नेमके असेच बोलतो! आमच्या सौभाग्यवतींनीही एकदा, “मी टेबल पुसायला जाते तेव्हा मलाही कधी दिसलं नाही हो,” असे सांगितले होते. ह्या साक्षीकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नाही. त्यांना संगणकातले काय कळते, असे आम्ही मनात म्हटले. तोंडाने म्हटले नाही, एवढाच त्यात शहाणपणा.

आमचे अनुमान तयार होते. मुलगा येण्यापूर्वी रोग नव्हता. मुलगा आला, त्याने यंत्र उघडले, रोग उद्भवला. तो रात्री उशिरापर्यंत त्यावर खेळ खेळत असावा आणि कार्ड तापून बिघडले असावे, अशी त्यास आम्ही शेपटीही जोडली. कावळा बसावयास व फांदी मोडावयास एक गाठ पडली म्हणून कावळ्यास दोष देऊ नये, हा काकतालीय न्याय आमच्या दरवर्षीच्या दुसऱ्याच व्याख्यानात असतो. चैत्रात एके संध्याकाळी परीक्षेच्या कामाची घाई असता पडदा तिसऱ्यांदा मिटला, आणि आम्ही त्यास नको ते बोललो. ते शब्द येथे लिहवत नाहीत. त्यांत त्याच्या वडिलांचा उल्लेख होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्याने उलट उत्तर केले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कचेरीजवळ खोली मिळाल्याचे सांगून, मामीच्या व आमच्या पाया पडून, तो गेला.

आणि पडद्याची उघडझाप थांबली! आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद गेला. पडदा एकदाही मिटला नाही. आता वाचकच सांगोत, ह्याहून भक्कम प्रमाण कोणते? मुलगा असता रोग आहे, मुलगा नसता रोग नाही. अन्वय झाला, व्यतिरेक झाला. ऑगस्टात आम्ही हेच उदाहरण, नातेसंबंध तेवढा वगळून, वर्गात सांगितले. मुले हसली. आम्हीही हसलो.

मार्गशीर्षात थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि एके सकाळी आम्ही टेबलाशी बसताच पडदा काळा झाला. घरात भाचा नव्हता. त्याने बसविलेले कार्ड होते, हे खरे. परंतु तेच कार्ड सबंध पावसाळाभर बिनतक्रार चालले होते, ही गोष्ट आता आम्हांस स्वतःपासून लपविता येईना. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. पडदाही स्वस्थ राहिला.

शेवटी दुरुस्तीचा कारागीर बोलावला. खांद्याला पिशवी, तीत आपल्या खात्रीच्या दोन केबली, आणि बोलणे अगदी मोजके. त्याने उभ्या उभ्याच अर्धा तास यंत्र पाहिले. काही सापडले नाही. त्याचे पैसे आणावयास म्हणून आम्ही खुर्चीवरून उठलो, आणि पडदा मिटला.

तो म्हणाला, “सर, परत बसा बरं.” आम्ही बसलो. काळोख. “आता उठा.” पुन्हा काळोख. पाच-सहा वेळा त्याने आम्हांस शाळेतल्या मुलाप्रमाणे उठाबशा काढावयास लावल्या; प्रत्येक वेळी नव्हे, पण त्यांतल्या चार वेळा पडदा गेला. मग त्याने माजघरातून सागवानी खुर्ची आणविली. तीवर आम्ही दहा वेळा उठलो-बसलो. पडदा ढळला नाही.

पुढे आम्ही वाचून पाहिले तेव्हा कळले की ही गोष्ट जाणत्यांस नवी नाही. मॉनिटर जोडण्याची साधने करणाऱ्या डिस्प्लेलिंक ह्या कंपनीने आपल्या ग्राहकांस दिलेल्या सूचनांत तिचा उल्लेख आहे. ह्या खुर्च्यांच्या खांबात दाबलेल्या वायूचे नळकांडे असते. मनुष्य बसला अथवा उठला म्हणजे विजेचा एक सूक्ष्म झटका उत्पन्न होऊ शकतो, व त्याची लहर आसपासच्या तारांना जाणवते. हवा दमट असली म्हणजे साठलेली वीज हळूहळू निघून जाते; कोरडी असली म्हणजे साठते व एकदम उसळते. आता पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० असे एकंदर २०,७३,६०० बिंदू. ते सेकंदास ६० वेळा नव्याने कळवावयाचे, म्हणजे दर सेकंदास १२,४४,१६,००० बिंदूंचे रंग एका केबलीतून वाहावयाचे. केबल लांब, बारीक व वरच्या आवरणाने कच्ची असली तर ती अशी लहर आयतीच झेलते, मॉनिटरची लय चुकते, आणि पुन्हा लय जुळेपर्यंत तो पडदा काळा करून बसतो. आमची केबल तीन मीटरची असून तिचे वेटोळे थेट खुर्चीच्या पाठीशी पडलेले होते.

भाचा अभ्यासिकेत येई तेव्हा माजघरातून सागवानी खुर्ची ओढीत आणी; मामाच्या खुर्चीवर बसू नये, असे त्याच्या आईने त्यास लहानपणी सांगितले होते. सौभाग्यवती टेबल पुसताना उभ्या असत. जूनमध्ये घरातून मुलगा गेला त्याच सप्ताहात पाऊस आला होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि त्यांतली एकच आम्हांस पाहावयाची होती.

कारागिराने दीड मीटरची जाड आवरणाची केबल लावली, तिच्या दोन्ही टोकांशी फेराइटची कडी बसविली व ती भिंतीच्या बाजूने नेली. त्या रात्री आम्ही भाच्यास फोन केला. काय बोलावयाचे ते कागदावर लिहून घेतले होते, त्यातले दुसरे वाक्य येईपर्यंत तोच म्हणाला, “मामा, ती केबल मीच आणली होती. स्वस्त होती म्हणून. चूक माझीपण आहेच की.” वडिलांविषयीचे वाक्य कागदावर शेवटी होते. ते आम्ही वाचून दाखविले. तिकडून काही वेळ आवाज आला नाही; मग त्याने, मामीला फोन द्या, म्हणून सांगितले.

रविवारी तो जेवावयास आला. जेवणानंतर अभ्यासिकेत येताना सवयीने माजघराकडे वळला, तेव्हा आम्ही त्यास हाताने थांबविले व चाकांची खुर्ची पुढे केली. तो संकोचला, मग बसला, उठला, पुन्हा बसला. आम्ही दोघेही पडद्याकडे पाहत होतो.