बूस्टरची जागा

1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला. आमचं व्हॉलीबॉल खेळणं त्याच्या बरंच आधीचं, परभणी जिल्ह्यात असतानाचं. कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, कुठल्याही रस्त्याने गेलं तरी गावाबाहेरच्या पडीक जागेत दोन बल्ल्या उभ्या दिसायच्या. सगळी काळी माती, त्यामुळे पावसाळाभर खेळ बंद. दिवाळीनंतर जमीन वाळली की भेगा बुजवायच्या, पाणी मारून चोपायचं आणि राखेच्या रेषा ओढायच्या. काही गावांत शूटिंग चालायचं, काही गावांत स्मॅशिंग. शूटिंगमध्ये स्मॅशरला चेंडू उचलून देणाऱ्या बूस्टरला काम नसतं. आमचं गाव स्मॅशिंगवालं, म्हणून बूस्टर ही आमच्याकडे मानाची जागा होती. आजची पोरं त्याला सेटर म्हणतात.

आमच्या वयाची माणसं भेटली की हमखास म्हणतात, ‘तेव्हा उंची-बिंची कोणी बघत नव्हतं, नुसता खेळ बघायचे.’ मला हे पटत नाही. उंची तेव्हाही बघायचेच, फक्त टेप लावत नव्हते. पोरगं मैदानावर आलं की जाणत्या खेळाडूंची एक नजर त्याच्यावर फिरायची. उंच, लांब हाताचं असलं की ते स्मॅशर. बुटकं आणि चपळ असलं की ‘तू बूस्टिंगला उभा रहा.’ जागेची वाटणी उंचीवरच होत होती. पण त्या वाटणीत बुटक्या पोराच्या वाट्याला संघातली सगळ्यात डोक्याची जागा यायची, आणि एकदा आली की वर्षानुवर्षं त्याच्याकडेच राहायची. आज हरवलंय ते हे.

आमच्या बूस्टरची उंची पाच फूट चार इंचांच्या वर नसेल. त्याचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत. चेंडू यायच्या आधीच कपाळाच्या वर दोन्ही तळवे उघडलेले, अंगठे आपल्याकडे वळलेले, बोटं सैल. चेंडू चामड्याचा, शिवणीचा. रात्री दव पडलं की ओला होऊन जड व्हायचा आणि आमच्या बोटांवर थाडकन आदळायचा. त्याच्या हातात मात्र आवाज होत नसे. शाळेच्या भिंतीशी तो एकटाच तासन्‌तास चेंडू खेळवायचा. डबल टच द्यायला पंच शिट्टी तोंडात धरूनच बसलेले असत, पण त्याच्यावर ती क्वचित वाजायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचे पाय. आमचं रिसीव्हिंग यथातथाच. चेंडू कधी मागच्या रेषेबाहेर, कधी प्रेक्षकांत. तो तिथपर्यंत पळायचा आणि तिथूनही स्मॅशरला मारता येईल असा चेंडू द्यायचा.

त्या काळच्या खेळात बूस्टरचं बुटकेपण खपून जायचं, त्याला कारणं होती. आम्ही चार स्मॅशर आणि दोन बूस्टर अशा जुन्या पद्धतीने खेळायचो. चेंडू उंच द्यायचा, स्मॅशरने पळत येऊन मारायचा. समोरचा ब्लॉकही आमच्याच उंचीच्या पोरांचा. गुण फक्त आपल्या सर्व्हिसवर मिळायचा, गेम 15 चा, त्यामुळे एकेक सामना लांबत लांबत मध्यरात्रीपर्यंत जायचा. एवढ्या वेळात बूस्टरला समोरच्या सहाही जणांचा स्वभाव कळून यायचा.

तेव्हा हिंगोलीची कॉलेजं मराठवाडा विद्यापीठात होती. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये झालं. विद्यापीठ संघाच्या निवडीसाठी औरंगाबादला जायचं म्हणजे मीटरगेजच्या गाडीने पूर्णा आणि तिथून पुढे. आमचा बूस्टर गेला. तिथल्या सरांनी त्याला भिंतीकडे तोंड करून नाही, नेटकडे पाठ करून चेंडू द्यायला लावले, मग मुद्दाम वाईट पास टाकून पळवलं. उंची विचारली नाही. तो संघात आला आणि कलर होल्डर म्हणून गावात परतला तेव्हा त्याच्या वडिलांनी वेशीवर हलगी लावली होती.

मग 1998 आलं. आंतरराष्ट्रीय महासंघाने एकाच सुमारास दोन गोष्टी आणल्या. प्रत्येक रॅलीला गुण, म्हणजे गेम 25 चा. आणि लिबेरो, वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागे खेळणारा. रॅलीच्या गुणांमुळे प्रत्येक चूक थेट फलकावर दिसू लागली, आणि सेटर पुढच्या फळीत असताना त्याच्या डोक्यावरून जाणारे स्मॅश संघांना परवडेनासे झाले.

यात खोटं काही नाही, हिशेब साधा आहे. सहा रोटेशनपैकी तीन रोटेशन सेटर पुढे असतो, आणि पुढे असताना बहुतेक वेळा तो उजव्या टोकाला, म्हणजे समोरच्या मुख्य स्मॅशरच्या अगदी तोंडासमोर ब्लॉकला उभा असतो. पुरुषांचं नेट 2.43 मीटर, महिलांचं 2.24. पाच फूट दोन इंचांच्या मुलीने हात वर केला तर बोटं साधारण दोन मीटरपर्यंत पोचतात. नेटच्या वर तळवे न्यायचे तर तिला निदान चाळीस सेंटिमीटर उडी हवी, तीही दर वेळी. पाच फूट आठ इंचांच्या मुलीची बोटं उभ्यानेच पट्टीजवळ असतात. शिवाय पास नेटच्या अगदी वर आला तर उंच सेटर तो एका हाताने वाचवतो, किंवा दुसऱ्याच स्पर्शाला पलीकडे टाकून गुण घेतो. बीजिंगला 2008 मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेचा सेटर लॉय बॉल 2.03 मीटर उंच होता. जगात प्रशिक्षक उंच सेटर शोधतात ते उगीच नाही.

पण त्याच जगात जपानची सेटर योशिए ताकेशिताही खेळली, उंची 1.59 मीटर. सिडनी ऑलिम्पिकची पात्रता हुकली तेव्हा जपानात तिच्या उंचीकडेच बोट दाखवलं गेलं, इतकं की पुढे काही काळ तिने खेळच सोडला. ती परत आली. 2006 च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि 2012 ला लंडनमध्ये कांस्यपदक घेऊन गेली. पुरुषांत अलीकडचा मासाहिरो सेकिता 1.75 मीटरचा, आणि त्याच्या हातून चेंडू घेऊन जपानने 2024 च्या नेशन्स लीगमध्ये रौप्य मिळवलं. जपानने यांना ब्लॉकसाठी उभं केलं नव्हतं. चेंडू कुठूनही आला तरी तो वेगाने आणि अचूक पुढे जावा, म्हणून उभं केलं होतं.

माझी पुतणी पाच फूट दोनची आहे. बारावीपर्यंत शाळेच्या संघात सेटर होती. क्रीडा कोट्यातून प्रवेश घ्यायचा म्हणून एका कॉलेजच्या निवड चाचणीला गेली. संध्याकाळी घरी आली ती गप्पच. रात्री म्हणाली, ‘काका, फॉर्मवर उंची बघितली अन् सर म्हणले, तू लिबेरो खेळ. एक बॉलबी द्याय लावला नाही.’

लिबेरोला मी कमी लेखत नाही, ती फार अवघड जागा आहे. पण नियम काय सांगतो ते बघा. तीन मीटरच्या रेषेच्या पुढे उभं राहून लिबेरोने बोटांनी चेंडू वर दिला, तर स्मॅशरला तो नेटच्या वरून मारता येत नाही. म्हणजे जिने पाच-सहा वर्षं बोटं घडवली, तिला नेमक्या त्याच जागी बोटं वापरण्याची मनाई. बुटक्या पोरीला लिबेरो करणं ही सोय म्हणून ठीक असेल, पण तिच्यातला सेटर तिथे संपतो, आणि तो संपवण्याआधी त्याला एकदा बघायला तर हवं होतं.

मुलीच्या दृष्टीने हे किरकोळ नाही. इथे कॉलेजचा संघ म्हणजे पुढे विद्यापीठाचा संघ, राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव, प्रमाणपत्र, आणि त्यावर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. हिंगोलीत राज्य राखीव दलाचा बारावा गट आहे, भरतीच्या दिवसांत पहाटे पळणारी पोरं-पोरी सगळ्या रस्त्यांवर दिसतात. राज्य पोलीस भरतीत मुलींना उंची 155 सेंटिमीटर लागते. माझी पुतणी त्यात बसते.

आणि आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ब्लॉकवर किती गुण येतात, हे कोणीही एका दुपारी मैदानावर बसून मोजावं. आमच्या भागात आजही गुण जातात ते रिसीव्ह फुटल्यामुळे. पास जिथे दहातले सहा वेळा भलतीकडे जातो, तिथे पहिली गरज पळून चेंडूखाली पोचणाऱ्या पायांची आहे. सहा फुटी सेटरला उत्तम पास मिळाला तर तो सुंदर खेळेल, पण तो पास देणार कोण?

बरं, मार्ग नियमांतच आहेत. दोन सेटर ठेवून दोघींनी फक्त मागच्या फळीतून सेट द्यायचा, पुढे आल्यावर तिथल्या सेटरने स्मॅशर व्हायचं, ही पद्धत जुनीच आहे. तिच्यात सेटरला स्मॅशही यावा लागतो. ते नसेल तर बुटकी सेटर पुढे आली की सेटमध्ये एकदा तिच्या जागी उंच मुलगी घ्यायची, मागे गेली की परत तिला आणायचं. एका सेटमध्ये सहा बदल मिळतात, त्यातले बहुतेक आपल्याकडे वापरलेच जात नाहीत. यासाठी प्रशिक्षकाने संघ कागदावर मांडून बघावा लागतो, एवढंच.

पुतणी आता दुसऱ्या कॉलेजात आहे. तिथल्या मॅडमनी तिला अर्धा तास वाईट पास टाकून पळवलं आणि मग विचारलं, सर्व्हिस कशी आहे. चांगली आहे म्हटल्यावर मागच्या तीन रोटेशनसाठी तिला घेतलंय. पुढच्या तीनसाठी पाच फूट सातची एक मुलगी तयार करताहेत, आणि तिला बोटं कशी ठेवायची ते शिकवण्याचं काम माझ्या पुतणीकडे दिलंय.