सुताराच्या मनातील पेटी

हत्यार निवडताना कारागीर आपल्या कामाचीही निवड करीत असतो. कोणता रंधा घ्यावा, कोणती करवत घ्यावी या साध्या प्रश्नांमागे आपल्याला कोणते काम करावयाचे आहे आणि कोणासाठी, हा मोठा प्रश्न उभा असतो. अलीकडे सुतारकामाच्या छोट्या कारखान्यांत एक नवे हत्यार आले आहे. त्याला धार नाही, मूठ नाही, ते खुंटीला टांगता येत नाही. कपाटाचा वा स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांचा आराखडा पडद्यावर काढून देणारे सॉफ्टवेअर, हे ते हत्यार होय.

आमच्या धर्मग्रामात दोघा भावांचा असा एक कारखाना आहे. वडिलांनी तो पडवीत सुरू केला. आज तो पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि हाताखाली तीन कारागीर आहेत. थोरला अजूनही फूट, इंच आणि सुताच्या हिशेबात बोलतो, धाकटा मिलिमीटरमध्ये. नव्या इमारतींतील गिऱ्हाइके आता काम देण्यापूर्वी चित्र मागतात. ते देता आले नाही म्हणून दोन कामे हातची गेली, तेव्हा धाकट्याने कर्ज काढून महागडे सॉफ्टवेअर घेण्याचा हट्ट धरला. थोरल्याचे म्हणणे एकच, “चित्र गिऱ्हाईक आणील, पण कपाट कोण उभे करणार?” बोलणे वाढत वाढत वाटणीपर्यंत गेले आणि एके संध्याकाळी त्यांची आई आमच्याकडे आली. “फादर, त्या संगणकापायी माझी पोरं वेगळी व्हायला निघालीत. तुम्ही तरी समजावा.”

आम्ही सुतार नव्हे. परंतु समजावण्यापूर्वी समजून घ्यावे, ही शिस्त सेमिनरीने आम्हांस लावली आहे. आमच्या सॅक्रिस्टीतील मिस्सावस्त्रांचे कपाट वाळवीने पोखरले होते. आम्ही दोघांना बोलावून म्हटले, “हे नवे करावयाचे आहे. जे घ्यावेसे वाटते त्याची परीक्षा याच कपाटावर होऊ द्या.” बहुतेक कंपन्या काही दिवस सॉफ्टवेअर विनामूल्य वापरून पाहू देतात. पुढील काही आठवडे आम्ही त्या दोघांच्या मागे बसून पुष्कळ शिकलो.

या हत्यारांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली ऑटोकॅडसारखी. 1982 साली आलेले हे सॉफ्टवेअर रेषा अचूक काढते. परंतु ती रेषा म्हणजे प्लायची फळी आहे हे त्याला आपणहून कळत नाही. दुसरी स्केचअपसारखी. हे 2000 साली आले, 2006 मध्ये गूगलकडे गेले आणि 2012 पासून ट्रिंबल कंपनीकडे आहे. यात वस्तू सर्व बाजूंनी फिरवून दाखविता येते, शिकावयास ते सोपे आहे, आणि ओपनकटलिस्ट नावाची विनामूल्य जोडणी बसविली की कोणत्या मापाच्या किती फळ्या कापावयाच्या याची यादीही मिळते. तिसरी जात खास कपाटांसाठीच घडविलेली, कॅबिनेट व्हिजन किंवा मोझेइकसारखी. तेथे कपाटाची रुंदी बदलली की फळ्या, दारे, बिजागऱ्यांची भोके सारे आपोआप बदलते आणि संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्राला थेट हुकूम जातो. ज्याच्याकडे असे यंत्र आहे, किंवा जो एकाच धर्तीची स्वयंपाकघरे सतत करतो, त्याला तो खर्च परवडेल. या भावांकडे ते यंत्र नाही आणि त्यांचे प्रत्येक काम निराळे.

याच सुमारास धाकट्याच्या एका ओळखीच्याने त्याच महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत नाममात्र पैशांत देऊ केली. “सगळेच वापरतात, फादर,” तो म्हणाला. आम्ही त्याला विचारले, “तुझ्या शेडमधून कोणी प्लायचे चार तक्ते उचलून नेले आणि सगळेच नेतात असे म्हणाला, तर?” तो काही बोलला नाही. सातवी आज्ञा लाकडाला लागू आहे तशीच दुसऱ्याच्या बुद्धीच्या कष्टालाही आहे. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 63 ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. येथे आणखी एक बारकावा ध्यानी घ्यावा. स्केचअपची इंटरनेटवरील विनामूल्य आवृत्ती केवळ खाजगी वापरासाठी आहे. धंद्यासाठी ती वापरण्याची मुभा नाही आणि तिच्यात जोडण्याही बसत नाहीत. पैसेच नसतील तर प्रामाणिक वाट फ्रीकॅडची. ते सर्वांना खुले आहे, धंद्यालाही चालते, इंटरनेट नसताना चालते. मात्र ते शिकण्यास चिकाटी लागते.

आता परीक्षेकडे वळू. प्लायचा तक्ता 8 फूट बाय 4 फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. धाकट्याने एका तक्त्याच्या रुंदीतून 610 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या धरल्या. थोरला हसला. “आणि करवत काय खाणार?” पाते सुमारे 3 मिलिमीटर लाकूड भुशात घालविते, 610 च्या दोन पट्ट्या 1220 मधून निघतच नाहीत. पात्याची जाडी सॉफ्टवेअरला सांगता येते, पण कोणीतरी ती सांगावी लागते. तीच गोष्ट सनमायकाची. 18 मिलिमीटरच्या प्लायला दोन्ही बाजूंनी 1 मिलिमीटरचा सनमायका चढला की फळी 20 ची होते. 900 मिलिमीटर रुंदीच्या कपाटात आतली फळी मग 864 ची नव्हे, 860 ची लागते. चार मिलिमीटरची ही चूक पडद्यावर दिसत नाही. कारखान्यात फळी हातात घेतल्यावर कळते.

त्याहून महत्त्वाचे असे की प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या देशाच्या सवयी बरोबर आणते. परदेशी सॉफ्टवेअर बहुधा गृहीत धरते की ओट्याचा दगड कपाटावर टेकतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत ओटा कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर आधी बांधला जातो आणि ट्रॉल्या मागाहून त्या फरश्यांमधल्या खणांत बसवाव्या लागतात. शेजारशेजारचे दोन खण सारख्या मापाचे निघाले तर नशीब म्हणावयाचे! आमच्या सॅक्रिस्टीची भिंतही जुनी. थोरल्याने ओळंबा सोडला तर 8 फुटांत चार सूत, म्हणजे अर्धा इंच, कलते निघाले. पडद्यावरील भिंत मात्र ताठ उभी होती. मिस्सावस्त्रे घडी न घालता पसरून ठेवता यावीत म्हणून आम्हांस चार फूट रुंदीचे उथळ ड्रॉवर हवे होते. सॉफ्टवेअरने ते विनातक्रार काढून दिले. थोरला म्हणाला, “खोलीच्या दुप्पट रुंदी झाली तर ड्रॉवर तिरका होऊन अडकतो. खोली वाढवा.”

याचा अर्थ थोरला जिंकला असा नव्हे. धाकट्याने कपाट पडद्यावर फिरवून दाखविले तेव्हा आमच्या ध्यानी आले की त्याचे उघडे दार सॅक्रिस्टीच्या दाराला आपटणार आहे. ही गोष्ट आम्हांस कागदावर कळली नसती, आणि थोरल्याच्याही नजरेतून ती सुटली होती. फळ्यांची यादीही धाकट्याने क्षणात काढली. थोरल्याला तिला एक रात्र लागली असती.

संत अगस्तीनने योहानच्या शुभवर्तमानावरील आपल्या पहिल्या प्रवचनात पेटी करणाऱ्या सुताराचा दाखला दिला आहे. पेटी प्रथम सुताराच्या कलेत असते, मग ती लाकडात येते. लाकडी पेटी कुजेल, मोडेल. परंतु कलेतील पेटी शाबूत असल्याने तिच्यावरून दुसरी घडविता येते. हा दाखला आम्ही दोघा भावांना सांगितला. थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, माझ्यामागे माझ्या कलेतली पेटी कोणाकडे राहणार?” आमच्या मते सारा वाद या एका वाक्यात होता. थोरल्याचे भांडण संगणकाशी नव्हतेच. तीस वर्षांचे आपले ज्ञान कोणालाच नको आहे, ही भीती त्याला खात होती.

दोघांनी अखेर वार्षिक शुल्क भरून स्केचअप घेतले. कर्ज काढावे लागले नाही. थोरला सांगतो आणि धाकटा त्याचे नियम एकेक करून त्यात बसवितो: सनमायकाची जाडी, पात्याची जाडी, चॅनेलसाठी दोन्ही बाजूंना सोडावयाचा अर्धा इंच. माप घेण्यास दोघांनी मिळून जावयाचे आणि धाकट्याने ओळंबा शिकावयाचा, असेही ठरले. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचा आराखडा पीडीएफ व डीएक्सएफ या दोन्ही स्वरूपांत वेगळा साठविला जातो. कारण भाड्याने घेतलेल्या हत्याराचे भाडे थकले की आपलीच पेटी आपल्याला उघडता येऊ नये, असे होता कामा नये. थोरल्याने माऊसला अजून हात लावलेला नाही. कुरबुरीही थांबलेल्या नाहीत. पण वाटणीची भाषा बंद झाली आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या घरोघरी लहानमोठे धंदे आहेत. कोणाचे शिवणकाम, कोणाची बेकरी, कोणाचे वेल्डिंग. आज ना उद्या असे हत्यार आपल्याही दारी येईल. ते घेताना चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या रोजच्या कामातील सर्वांत अवघड काम ते करून दाखविते काय? आपली मापे व रीती त्याला शिकविता येतात काय? ते सोडावे लागल्यास आपले काम आपल्या हाती राहते काय? आणि ते प्रामाणिक पैशांनी आपल्याला परवडते काय? विक्रेता समोर बसून पडद्यावर चित्रे फिरवू लागेल तेव्हा घरातील सर्वांत जुन्या कारागिरालाही शेजारी खुर्ची द्यावी. त्याचे शंभर प्रश्न कंटाळवाणे वाटतील. पण त्याच प्रश्नांत आपला धंदा साठवलेला आहे.