मंडईत हरवली पिशवी

मुलांनो, पुण्याला आलात तर शनिवारवाडा बघता, सारसबागेत भेळ खाता. पण मंडईत जाता का? भाजी घ्यायची नसली तरी एकदा जाऊन याच. शनिवारवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आणि आता, 2024 पासून, जमिनीखालून मेट्रोही तिथे जाते. वर मेथी-कोथिंबीर, खाली मेट्रो! गंमतच, नाही?

पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. उन्हात, पावसात, चिखलात. मग नगरपालिकेनं ही दगडी इमारत बांधली आणि 1886 साली ती सुरू झाली. तेव्हाचे मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव ठेवलं 'रे मार्केट'. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती चहूकडे पसरलेल्या लांबच लांब पडव्या. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. आता यातली खरी गोष्ट ऐका. जोतीराव फुले स्वतः नगरपालिकेचे सभासद होते आणि या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता! तो पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत शिकवते, तेव्हा मी कोणाच्या बाजूची ते सांगायला नकोच. पण मंडई मला आवडते, हेही खरं.

तर याच मंडईत माझी जी फजिती झाली, ती आज तुम्हाला सांगते. हसा खुशाल.

आमची शाळा दुपारची. सहल ठरली होती आणि वर्गातल्या बेचाळीस मुलांची वर्गणी माझ्याकडे जमली होती. कुणी नोटा दिलेल्या, कुणी सुटी नाणी रुमालात बांधून आणलेली. ते पाकीट मी निळ्या-पांढऱ्या वायरच्या पिशवीत तळाशी ठेवलं आणि सकाळी घराबाहेर पडले. दहा वाजता बसवाल्याला पैसे द्यायचे, जाता जाता मंडईतून मेथी घ्यायची. एवढंच काम!

आठ वाजले होते. मंडईत ही गर्दी! उंच ओट्यांवर बसलेल्या भाजीवाल्या, पितळी काटे, "ताई, इकडं या, कवळी भेंडी!" मी कांदे-बटाटे घेतले, पिशवी ओट्याशी टेकवली आणि सहज वर पाहिलं. उंचावरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप उतरली होती आणि तिच्यात पारवे फडफडत होते. मी बघतच राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक! मग मेथीचे पैसे दिले, पिशवी उचलली आणि चालू लागले.

बाहेर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी आल्यावर पिशवी जड लागली. आत पाहते तो काय, भलामोठा सुरण! आणि कारली! पिशवी तशीच, निळी-पांढरी, वायरची. पण माझी नव्हे!

माझ्या पायांतलं बळच गेलं. बेचाळीस मुलांचे पैसे! पळत आत गेले. पण मुलांनो, आत सगळीकडे सारखंच! तेच खांब, तेच ओटे, त्याच हाका. मी एका गाळ्यावर विचारलं, "अहो, मी मघाशी भाजी कुठे घेतली?"

"आता ते आम्हाला इचारता व्हय, बाई?" तो म्हणाला. आजूबाजूचे सगळे खो खो हसले.

तेवढ्यात मागून हाक आली, "बाई!" आमच्याच वर्गातली मुलगी, आजीच्या गाळ्यावर मटार सोलत बसलेली. (नाव सांगणार नाही. हा अंक तीही वाचते.) आदल्याच आठवड्यात मी तिला उभं केलं होतं. मी दिशा शिकवत होते आणि ही खिडकीबाहेर बघत होती. "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून चांगली ओरडले होते.

मी कसंबसं झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, वर बघत होता तेव्हा ऊन डोळ्यांवर येत होतं का?"

"हो गं, डोळे दिपत होते."

"मग तुमचं तोंड उगवतीला. म्हणजे तुम्ही त्या पलीकडच्या अंगाला होतात. चला!" आणि माझा हात धरून ती निघालीसुद्धा.

दोन-तीन गाळे चुकले. मग एका ओट्याशी एक आजोबा उभे दिसले, माझी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "अर्धा तास झाला," ते म्हणाले. "म्हटलं, जिची आहे ती येईलच. आता माझा सुरण द्या, घरी वाट बघतायत."

पाकीट जसंच्या तसं होतं. तरी तिथंच ओट्यावर आम्ही दोघींनी पैसे मोजले. मी नोटा, तिनं नाणी. बरोबर भरले.

परत आलो तेव्हा आजीनं विचारलं, "काय बाई, पोरगी शाळेत ध्यान देते का नाय?"

मुलीनं मान खाली घातली. मटाराच्या शेंगा उगाच इकडच्या तिकडे करू लागली.

"देते की! चांगलं देते," मी म्हटलं आणि बसवाल्याकडे पळत सुटले.

दुपारी हजेरी घ्यायला वर्गात शिरले, तर माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं.

"बाई," ती जागेवरून म्हणाली, "मेथी तिथंच ओट्यावर राहिली होती."