परतीचं डिझेल

'स्टॉर्मवर्क्स : बिल्ड अँड रेस्क्यू' हा गेम २०२०मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात अडकलेल्या, जखमी माणसांना वाचवायचं असतं. तयार गाड्या मिळतात, पण खरी मजा आपली गाडी आपणच बांधण्यात आहे. एकेक ठोकळा पाव मीटरचा. सांगाडा रचायचा, इंजिन बसवायचं, डिझेलचा पाइप फिरवायचा, रेडिएटर जोडायचा. बटणापासून दिव्यापर्यंतची वायरही आपणच ओढायची.

मला डोंगरात जाणारी रेस्क्यू गाडी हवी होती. सहा चाकं, पुढे विंच, आत स्ट्रेचर. दगडांवरून जायचं तर गाडी जमिनीपासून उंच पाहिजे. पण उंची वाढली की ती उताराला आडवी चालताना कलंडते. म्हणून इंजिन, बॅटरी, सगळं जड सामान तळाशी घेतलं. स्ट्रेचर मधोमध ठेवलं, कारण हादरे तिथे सगळ्यांत कमी बसतात.

प्रश्न डिझेलचा होता. मोठी टाकी गाडीतच बसवली, तर जिथे चढ आहे तिथेच ती जड होणार. त्यापेक्षा मागे ट्रेलर लावावा, चढाच्या पायथ्याशी सोडावा, हलक्या गाडीने वर जाऊन यावं. आतून दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच : बरोबर २००० लिटर. खऱ्या जगात एवढ्या डिझेलचं वजन दीड टनाच्या वर जातं.

इथे मी पप्पांना फोन केला.

पप्पांनी २६ वर्षं मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर भरले. कन्नडचा घाट त्यांना तोंडपाठ आहे. शुगरने डोळ्यांवर परिणाम केला आणि चार वर्षांपूर्वी गाडी सुटली. तेव्हापासून आमचे फोन दोन मिनिटांत संपायचे. जेवलास का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो.

त्या दिवशी पन्नास मिनिटं बोललो.

"एकच टाकी? कप्पे कुठंयत?" त्यांचा पहिला प्रश्न. मग समजावलं. टँकर पूर्ण भरलेला असला की माल हलत नाही, रिकामा असला की प्रश्नच नाही. अर्धवट भरलेला सगळ्यांत वाईट. ब्रेक मारला की माल पुढे धावतो, वळणावर बाहेरच्या अंगाला जातो आणि गाडीला ओढतो. म्हणून आत कप्पे करतात, छिद्रं असलेले आडवे पत्रे लावतात.

मी टाकीचे तीन कप्पे केले, प्रत्येकाला वेगळा पंप दिला. "आधी मागचा रिकामा कर," ते म्हणाले. "मागं वजन राहिलं की हूक हलका होतो, ट्रेलर शेपटी हलवायला लागतो." हे मी कुठल्याही ट्युटोरियलमध्ये ऐकलेलं नव्हतं.

"आणि पुढचा कप्पा परतीचा. त्याला हात लावायचा नाही."

"समोर कुणाची गाडी डिझेलवाचून अडकली असेल तर?"

"तरी नाही. माणूस उचलून तू तिथंच बंद पडलास, तर त्याला काय उपयोग?"

पुढच्या कप्प्याच्या पंपाचं बटण मी गाडीत वेगळं, लाल झाकणाखाली बसवलं.

आता रविवारी रात्री मी फोन स्पीकरवर ठेवून मोहिमेवर निघतो. स्क्रीन दाखवून उपयोग नाही, त्यांना नीट दिसत नाही. म्हणून बोलून दाखवतो : डावीकडे कडा, पुढे चिखल, चढ सुरू. ते मध्येच म्हणतात, "गिअर आत्ताच टाक, चढावर गेल्यावर नको." आई म्हणते, त्या वेळी ते पलंगावर नीट बसून घेतात, उजवा हात गुडघ्यावर असतो.

त्यांचा हा घाट आता मी चालवतो, असं मला वाटत नाही. चालवतात तेच. मी फक्त काचेपलीकडचं सांगतो.

परवा बर्फातून एका जखमीला घेऊन उतरलो. ट्रेलर जोडला, मागचे दोन्ही कप्पे संपले होते. पप्पांनी विचारलं, "पुढचा किती?"

"भरलेला आहे."

"मग ये सावकाश," ते म्हणाले.