देवासच्या परसातली मोजणी

इंदूरहून आग्रा रस्त्याने देवासला निघाले, की टेकडी दृष्टीस पडताच आमच्या बोलण्यात ‘थोरली पाती’, ‘धाकटी पाती’ हे शब्द आपोआप येऊ लागतात. गाव एक, राजे दोन, दरबारही दोन! १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. जुन्या घरांतून मात्र पाती अजून शिल्लक आहेत. आमच्या काकूंचा वाडा थोरल्या पातीतला. परसाच्या भिंतीपलीकडे धाकटी पाती लागते, असे काका सांगत. होले आणि साळुंक्या ही हद्द तेव्हाही मानीत नसाव्यात.

यंदा फेब्रुवारीत आम्ही गेलो ते या मंडळींसाठीच. अंगणातले पक्षी मोजण्याचा चार दिवसांचा उपक्रम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी १९९८ साली सुरू केला. २०१३ पासून भारतातही तो होतो. निदान पंधरा मिनिटे पाहावे, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी संख्येसह नोंदवावे, एवढेच काम. त्याला पदवी लागत नाही. काकूंचे परस तर त्यासाठीच राखून ठेवल्यासारखे आहे : शेवगा, कडुनिंब, पाण्याची परळ, आणि दगडी डोणीच्या काठावर रोज सकाळी मूठभर ज्वारी.

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही माजघराच्या खिडकीशी बसलो. शेजारी काकूंची नात मोबाइल सरसावून. मागे पाटावर काकू. होले आले, लालबुड्या बुलबुल आले, आणि सातभाईंची टोळी पाचोळा उलथीत, एकमेकांस दरडावीत आली. मोजणे वाटते तितके सोपे नाही. तोच बुलबुल तीनदा आला, तर तीन बुलबुल होत नाहीत. दाण्यावर येणारे पक्षी मोजण्याचा जो उपक्रम कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९७६ साली सुरू झाला आणि पुढे सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला, त्यात यावर एक साधी तोड आहे : एका वेळी जास्तीत जास्त जितके एकत्र दिसतील, तितकेच धरायचे. आम्ही तीच शिस्त पाळली. शाळेत हजेरी घेताना एकच मुलगा दोघांच्या नावाने ओ देतो, हा अनुभव गाठीशी होताच.

“चिमण्या लिहिल्यास का?” काकूंनी विचारले.

“दिसल्या नाहीत, काकू.”

“असं कसं होईल? दिवाणखान्यात तसबिरीमागे घरटं असायचं त्यांचं. तुझे काका पंखा लावू देत नसत, पिलं उडेपर्यंत. लिही दहा-बारा.”

इतक्यात शेवग्यावर दोन पक्षी उतरले. “ह्या बघ!” काकू म्हणाल्या. आम्हीही उत्साहाने ‘चिमणी, २’ असे लिहून मोकळे झालो. नातीने फोटो काढले. पहिले दोन गजांचे, तिसरा पक्ष्याचा. तो मोठा करून पाहतो तो काय, गळ्यावर पिवळा ठिपका, खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढऱ्या रेघा. ही घरातली चिमणी नव्हे. झाडाच्या ढोलीत राहणारी पीतकंठी चिमणी. सालिम अलींनी लहानपणी एअरगनने टिपून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत ओळख विचारण्यासाठी नेली होती, ती हीच. पुढे १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राचे नावही तिच्यावरूनच पडले. आम्ही ओळ खोडून नवी लिहिली. मुख्याध्यापकाला स्वतःच्या हाताने उत्तर चुकीचे ठरवावे लागले, याचा आनंद नातीने लपविला नाही.

चिमण्या गेल्या कुठे? बोट मोबाइलच्या मनोऱ्यांकडे जाते, पण त्याला सबळ पुरावा मिळालेला नाही. चिमणीला घरट्यासाठी भिंतीत भोक लागते आणि पिलांना भरवायला अळ्या-किडे. आळीतल्या नव्या इमारतींत भोक कुठले! २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्याप्रमाणे देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घटल्या त्या महानगरांत. हा निष्कर्ष निघाला तोही अशाच सामान्य लोकांनी पाठविलेल्या याद्यांवरून. तेव्हा काकूंच्या समाधानासाठी दहा-बारा लिहिणे म्हणजे सगळ्यांच्याच पाटीवर रेघोट्या मारणे.

काकूंना हे पटले. तरी त्यांची कळी खुलेना. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. आणि तू ‘चिमणी नाही’ असं लिहून ठेवणार?”

आम्ही त्यांना यादी दाखविली. ‘नाही’ लिहायला तिच्यात जागाच नसते. शेवटी एक प्रश्न तेवढा असतो : ओळखू आलेले सारे पक्षी नोंदविलेत काय? ‘होय’ म्हटले, की ज्यांचे नाव नाही ते त्या वेळी आढळले नाहीत, हे वाचणारा समजून घेतो. शेऱ्यासाठी मात्र थोडी जागा असते. तिथे आम्ही काकूंच्या सांगण्यावरून लिहिले : ‘या घरात पूर्वी तसबिरीमागे चिमण्यांचे घरटे असे.’

काकूंनी ते दोनदा वाचून घेतले. मग उठल्या, डब्यातून ज्वारीची आणखी एक मूठ घेतली आणि डोणीकडे न जाता दिवाणखान्याच्या खिडकीत टाकली. मोजणीचे अजून तीन दिवस होते. “उद्या जरा लवकर बस,” त्या म्हणाल्या.