राघूचा पिंजरा

तापातून उठले आणि माळ्यावरचा आजीचा पिंजरा खाली काढला. दाराची निखळलेली कडी बारीक तारेने बांधली. लाकडी दांडीवर राघूच्या चोचीचे चरे अजून आहेत, बोटाला लागतात. आजी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालायची. मान तिरकी करून तो ‘विठू विठू’ म्हणायचा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यामुळे आपल्याकडचा पोपट घरात कोंडणं आता गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. शेजाऱ्यांकडे बजरीगर पोपट आहेत, ते मात्र मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८४०मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले. आजारपणात दुपारभर भिंतीपलीकडून त्यांची किलबिल यायची, सोबत वाटायची.

एका श्रावणात राघू उडाला. की आजीनेच सोडला? विचारायचं राहिलं.