ग्रीनव्हिलच्या जॉबरचं देणं

माझ्यावर दोन जॉबरांचे उपकार आहेत. एक माझे वडील. इचलकरंजीत लोकांचे यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुसरे अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये माझ्या भाड्याच्या घराशेजारी राहणारे एक गोरे आजोबा. वडिलांचं देणं घरातलं आहे, त्यावर लिहायला मन धजत नाही. आजोबांचं मात्र लिहून ठेवलं पाहिजे, कारण त्यांना मी कोण, हे विचारायचीही काही गरज नव्हती.

मी तिथे क्लेमसन विद्यापीठात वाहन अभियांत्रिकी शिकायला गेलो आणि पुढे नोकरीनिमित्त तिथेच राहिलो. ग्रीनव्हिल म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. एके काळी ते स्वतःला जगाचं कापडकेंद्र म्हणवून घ्यायचं. गिरण्या बंद पडत गेल्या, आणि १९९०च्या दशकात जवळच स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा कारखाना उभा राहिला. आजोबा एका गिरणीत माग दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाल्यावर घरच्या गॅरेजात ते ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या बघू लागले. ‘वडील काय करतात?’ असं त्यांनी एकदा कुंपणापलीकडून विचारलं. ‘माग दुरुस्त करतात,’ असं मी सांगितल्यावर ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मला थेट गॅरेजात घेऊन गेले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, हे ऐकून त्यांनी आतून आजींना हाक मारली आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं.

माझ्याकडे तेव्हा १९९७ची झेड-३ होती. दोन आसनांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार, त्याच स्पार्टनबर्गच्या कारखान्यात तयार झालेली. तिच्यात एक खोड होती. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग आपल्या मनाने बाजूला सरकायचा, पुन्हा दाबला की परत जागेवर यायचा. गियर बदलताना मागून ‘ठक्’ असा आवाज. एका गॅरेजवाल्याने चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलायला सांगितले होते आणि मी त्यासाठी पैसे साठवत होतो.

आजोबांनी मला शेजारी बसवून गाडी एकदाच चालवली आणि परत येऊन म्हणाले, ‘शॉकला हात लावू नकोस. हिचे पिकर गेलेत.’

मागाचा पिकर मी लहानपणापासून पाहिला होता. धोट्याचा प्रत्येक तडाखा तो सोसतो आणि स्वतः झिजतो. गाडीत तेच काम बुश करतो. झेड-३चा पुढचा भाग त्या वेळच्या नव्या पद्धतीचा असला, तरी मागची रचना १९८२ साली आलेल्या जुन्या ३-सिरीजवरून घेतलेली. मागची चाकं धरणारे दोन्ही आर्म ज्या आडव्या सबफ्रेमवर बसतात, ती सबफ्रेम गाडीच्या सांगाड्याला पुढून दोन मोठ्या रबरी बुशांनी धरलेली असते आणि मागे डिफरन्शियलच्या एका माउंटने. एवढ्या तीन जागा. बुशाचं रबर फाटलं की सबफ्रेम हलते, चाकांची दिशा बदलते, आणि मग गाडी चालवणाऱ्याचं पूर्ण ऐकत नाही.

गाडी घोड्यांवर चढवल्यावर त्यांनी एक छोटी पहार माझ्या हातात दिली. ‘दाब, आणि बोट बुशावर ठेव.’ मी दाबलं. बाहेरची कडा जागेवर राहिली आणि आतली धातूची नळी माझ्या बोटाखाली चांगली नखभर सरकली. रबराला आतून गोल चीर गेली होती, आणि बोटाला काळा भुगा लागला, ओल्या चहापत्तीसारखा. वर्गात मी याच रचनेची गणितं सोडवली होती. झीज हाताला कशी लागते, ते मला त्या दुपारी कळलं.

काम सोपं नव्हतं. सांगाड्यातून खाली येणारा जाड स्टड बुशाच्या नळीत गंजून एकजीव झालेला. मी हातोडा उचलला तसा त्यांनी माझा दंड धरला. स्टडचे आटे बिघडले तर सांगाड्यातलाच स्टड बदलावा लागतो, आणि ते काम दसपट मोठं. गंज सोडवणारं तेल मारून आम्ही ते रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सबफ्रेमखाली जॅक लावून एक बाजू हळूहळू खाली घेतली. ब्रेकच्या रबरी नळीवर त्यांनी मला नुसती नजर ठेवायला बसवलं. ती ताणली की थांबायचं, एवढंच माझं काम. बुश ओढायचा पुलर त्यांनी स्वतः केलेला होता: लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर, आणि गिरणीच्या भंगारातून आणलेलं एक पोलादी नळकांडं. नट फिरवत गेलं की बुश इंचाइंचाने नळकांड्यात उतरत यायचा. जुनं कवच जिथे चिकटून बसलं तिथे त्यांनी करवतीने आतून एक चीर दिली, सबफ्रेमला पातं लागणार नाही अशी, आणि छिन्नीने ते आत दुमडून काढलं. डोळ्यांना तेव्हा कमी दिसत होतं त्यांना. करवत कुठपर्यंत पोचली हे ते आवाजावरून ओळखत होते.

नवे बुश कोणते घ्यायचे यावर आमचा वाद झाला. मला पॉलियुरेथेनचे हवे होते. शर्यतीच्या गाड्यांना तेच घालतात, वळणावर गाडी घट्ट राहते. ते नको म्हणाले. या गाडीत डिफरन्शियलचं माउंट डिकीच्या पत्र्याखालच्या पट्टीला धरलेलं असतं, आणि तिथले वेल्ड तुटून पत्रा फाटणं हे झेड-३चं ठाऊक असलेलं दुखणं. ‘कुणीतरी झिजायलाच हवं,’ ते म्हणाले, ‘रबर नाही झिजलं तर पत्रा झिजेल. रबर बाजारात मिळतं.’ आज मी सस्पेन्शनच्याच कामात आहे. या प्रश्नावर इतकं नेमकं उत्तर मी अजून कुठल्याही बैठकीत ऐकलेलं नाही.

रबर बसवताना त्यांनी तेल लावू दिलं नाही, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी लावलं. आर्मचे बुशही त्याच खेपेला बदलले. पण त्यांचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्याशिवाय आवळले नाहीत; लटकत्या स्थितीत आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. स्टडला पुन्हा गंज धरू नये म्हणून त्यांनी ब्रशने लेप दिला. तो लेप माझ्यासाठी नव्हता. वीस वर्षांनी जो कोणी ही गाडी उघडेल, त्याच्यासाठी होता, आणि तसं ते बोललेही. शेवटी गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून, पोलादी पट्टीने त्यांनी चाकांची दिशा मोजली. तो दोरा गिरणीतल्या सुताचा होता.

पैशाचं विचारलं तर त्यांनी हात झटकला. आजींनी पीचचा गरम कॉब्लर पुढे केला आणि विषय संपला. पुढे त्या गॅरेजात मी पुष्कळ शिकलो. इचलकरंजीहून वडील आले, तेव्हा एकमेकांची भाषा येत नसताना दोघे जण एका मोडक्या घड्याळाचं काम करत संध्याकाळभर बसले होते.

मी पुण्याला परतल्यानंतर आजोबा गेले. आजींनी तो पुलर जहाजाने पाठवला. त्याच्या किमतीपेक्षा टपालखर्च नक्कीच जास्त झाला असेल. त्यावर मी माझं नाव घातलेलं नाही. महाविद्यालयात गाड्या बांधणारी मुलं तो घेऊन जातात, गल्लीतला मेकॅनिकही नेतो. तुमच्याकडे एखादी जुनी गाडी असेल आणि मागून ठक् आवाज येत असेल, तर शॉकवर खर्च करण्याआधी गाडीखाली जाऊन बुशावर बोट ठेवून बघा. पुलर लागला तर न्या. आणताना आटे पुसून, तेल लावून आणा.